जनतेचा कौल आणि कायद्याची अट
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



लोकशाहीत अखेरचा शब्द कोणाचा, असा प्रश्न केला तर शाळकरी मुलगाही ‘लोकांचा’ असे उत्तर देईल. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. उन्हातान्हात रांगा लावून लाखो मतदारांनी निवडून दिलेला प्रतिनिधी एके दिवशी न्यायालयाच्या एका निकालाने घरी बसतो, तेव्हा त्या लाखोंच्या मताचे काय झाले? उलट, न्यायालयाने गुन्हेगार ठरविलेला मनुष्य केवळ मतांच्या बळावर कायदे करण्यासाठी सभागृहात जाऊन बसला, तर कायद्याचे काय झाले? या दोन प्रश्नांच्या कात्रीत स्वतंत्र भारताची न्यायालये पन्नासाहून अधिक वर्षे सापडलेली आहेत. उमेदवारांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या अपात्रतेविषयी त्यांनी दिलेल्या निकालांचा मागोवा घेणे, आणि त्या निकालांतून सामान्य मतदाराच्या पदरात नेमके काय पडले हे पाहणे, एवढाच आजच्या विषयाचा आवाका आहे.

प्रारंभी काही गोष्टींची फोड करून घेणे इष्ट. राज्यघटनेच्या १०२ व्या अनुच्छेदात संसद सदस्यांच्या आणि १९१ व्या अनुच्छेदात राज्यांच्या विधिमंडळ सदस्यांच्या अपात्रतेची कारणे दिलेली आहेत. सरकारी लाभाचे पद धारण करणे, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरविणे, दिवाळखोरी, परकीय नागरिकत्व ही कारणे घटनेतच नमूद आहेत. आणि ‘संसदेने केलेल्या कायद्यान्वये अपात्र ठरलेला’ असे एक मोठे दार घटनाकारांनी उघडे ठेवले आहे. त्या दारातून आला तो १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा. या कायद्यात दोन वेगवेगळ्या वाटा आहेत. पहिली वाट निवडणूक अर्जाची: निवडणुकीत भ्रष्ट आचार घडला असे सिद्ध झाल्यास उच्च न्यायालय ती निवडणूक रद्द करू शकते आणि त्यातून पुढे सहा वर्षांपर्यंतची अपात्रता येऊ शकते. दुसरी वाट फौजदारी शिक्षेची: कलम ८ नुसार सर्वसाधारणपणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झालेला मनुष्य दोषसिद्धीच्या दिवसापासून, तसेच सुटकेनंतर सहा वर्षे, निवडणूक लढविण्यास अपात्र ठरतो. काही विशिष्ट गुन्ह्यांत शिक्षा याहून कमी असली तरीही अपात्रता येते. पक्षांतरामुळे ओढवणारी अपात्रता ही दहाव्या परिशिष्टाची बाब. तिचा निर्णय प्रथम सभागृहाचे अध्यक्ष करतात, आणि तिचे रामायण निराळे असल्याने ती येथे बाजूस ठेवलेली बरी.

पहिल्या वाटेवरचा सर्वांत गाजलेला निकाल म्हणजे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ रोजी दिलेला. १९७१ च्या निवडणुकीत रायबरेलीतून श्रीमती इंदिरा गांधी यांनी राजनारायण यांचा एक लाख अकरा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला होता. सिन्हा यांनी बहुतेक आरोप फेटाळले; दोन मात्र मान्य केले. यशपाल कपूर हे सरकारी सेवेत असतानाच त्यांच्याकडून प्रचाराचे काम करून घेतले गेले, हा एक. आणि सभांची व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांसाठी वीज यांची व्यवस्था उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांकडून करून घेतली गेली, हा दुसरा. या दोन कारणांवरून देशाच्या पंतप्रधानांची निवडणूक रद्द झाली आणि त्या सहा वर्षांसाठी अपात्र ठरल्या. व्यासपीठाच्या फळ्या आणि एका अधिकाऱ्याच्या राजीनाम्याची तारीख एवढ्यावरून एवढा मोठा कौल उधळावा काय, असे त्या वेळी पुष्कळांनी विचारले. विचारण्याजोगा प्रश्न होता तो. परंतु कायद्याने ज्या कृत्यास भ्रष्ट आचार म्हटले आहे ते कृत्य मताधिक्य पाहून लहानमोठे होत नाही. पाच हजारांनी निवडून आलेल्याला जो नियम, तोच लाखांनी निवडून आलेल्याला.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. २४ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाचे सुटीकालीन न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बसता येईल, मतदान करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी आणीबाणी आली. त्यानंतर जे झाले ते अपात्रतेच्या चर्चेत अधिक महत्त्वाचे, आणि तेच बहुधा विसरले जाते. संसदेने ऑगस्ट १९७५ मध्ये निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. उमेदवार कोणत्या दिवसापासून उमेदवार समजावा, सरकारी नोकराचा राजीनामा कोणत्या तारखेपासून अमलात आला असे धरावे, आणि कर्तव्याचा भाग म्हणून अधिकाऱ्यांनी केलेली व्यवस्था भ्रष्ट आचारात मोडते काय, हे तिन्ही मुद्दे खटल्यातल्या निष्कर्षांना नेमके लागू पडतील असे फिरविण्यात आले. शिवाय ३९ वी घटनादुरुस्ती करून, पंतप्रधान व लोकसभेचे अध्यक्ष यांच्या निवडणुकीला पूर्वीचे निवडणूक कायदे लागूच नव्हते, असे जाहीर केले गेले.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सुधारित कायद्याच्या आधारे श्रीमती गांधी यांची निवडणूक वैध ठरली. त्याचबरोबर, ३९ व्या घटनादुरुस्तीतील ज्या खंडाने ही एक निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली होती, तो खंड रद्दबातल ठरला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी मुक्त व निर्भेळ निवडणुका हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग मानला. पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी समतेच्या आणि कायद्याच्या राज्याच्या तत्त्वावर बोट ठेवले: एका पदासाठी निराळा कायदा आणि बाकीच्यांसाठी निराळा, ही गोष्ट घटनेत बसत नाही. म्हणजे व्यक्ती जिंकली आणि तत्त्वही टिकले. ज्या संसदेला अपात्रतेच्या अटी घालण्याचा अधिकार आहे, तिला त्या सैल करण्याचाही आहे. मात्र एका माणसापुरते कायद्याचे राज्य गुंडाळून ठेवण्याचा अधिकार तिलाही नाही, हा १९७५ चा धडा.

याच वाटेवरचा दुसरा खटला मराठी माणसाच्या अधिक परिचयाचा. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईत विलेपार्ले विधानसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावे मते मागितली गेली, या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९ मध्ये ती निवडणूक रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा हे आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश, हे येथील श्रोत्यांना ठाऊक असेलच. विशेष हे की भ्रष्ट आचाराचा ठपका उमेदवाराबरोबरच, स्वतः उमेदवार नसलेले शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावरही त्यांच्या प्रचारसभांतील भाषणांमुळे आला. त्याच दिवशी, त्याच खंडपीठाने तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांची निवडणूक रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल मात्र फिरविला. कोण काय बोलले, कोठे बोलले, ते पुराव्याने शाबीत झाले काय आणि त्यातून धर्माच्या आधारे मत देण्याचे आवाहन निघते काय, हे प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे तपासावे लागते, हे त्या दोन निकालांतून दिसून आले.

परंतु या खटल्यातली खरी गोम तारखांत आहे. भाषणे १९८७ ची. अंतिम निकाल १९९५ चा. ज्या विधानसभेसाठी ही निवडणूक झाली तिची मुदत १९९० मध्येच संपलेली होती. त्यानंतर अपात्रतेचा प्रश्न निवडणूक आयोगाच्या मतासाठी गेला आणि राष्ट्रपतींचा आदेश निघावयास जुलै १९९९ उजाडले. बंदी ११ डिसेंबर १९९५ पासून सहा वर्षे, म्हणजे १० डिसेंबर २००१ पर्यंत. तिच्यातील साडेतीन वर्षांहून अधिक काळ आदेश निघण्यापूर्वीच सरून गेलेला होता. मुंबईच्याच सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या एका निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात तर कायद्यातील ‘त्याचा धर्म’ या शब्दांचा अर्थ काय, उमेदवाराचा धर्म की मतदाराचाही, हे ठरण्यास २ जानेवारी २०१७ चा दिवस यावा लागला. सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी तो प्रश्न सोडविला: उमेदवाराचा, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा वा मतदाराचा, कोणाच्याही धर्म-जातीच्या नावे मत मागणे हा भ्रष्ट आचार होय. अर्थ स्वच्छ झाला. पण मधल्या सत्तावीस वर्षांत झालेल्या निवडणुका त्या स्वच्छतेची वाट पाहत थांबलेल्या नव्हत्या.

आता दुसऱ्या वाटेकडे, म्हणजे फौजदारी शिक्षेकडे वळू. जनतेचा कौल आणि कायद्याची अट यांची सर्वांत थेट गाठ येथे पडली ती तामिळनाडूत, २००१ साली. ‘तान्सी’ या सरकारी उद्योगाच्या जमीन व्यवहारात जयललिता यांना ऑक्टोबर २००० मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली होती. त्यामुळे मे २००१ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांचे सर्व मतदारसंघांतील अर्ज फेटाळले गेले. पक्ष मात्र प्रचंड बहुमताने निवडून आला. आमदारांनी त्यांना नेता निवडले आणि राज्यपालांनी १४ मे रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत मंत्री राहता येते, या घटनेतील तरतुदीचा आधार त्यासाठी घेण्यात आला होता.

प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राज्यातील मतदारांनी हा कौल जाणूनबुजून दिला आहे, राज्यपालांनी बहुमताचा मान राखला आहे, असा युक्तिवाद झाला. न्यायमूर्ती भरुचा यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २१ सप्टेंबर २००१ रोजी ती नेमणूक रद्द केली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: सहा महिन्यांची सवलत ही जो निवडून येण्यास पात्र आहे त्याच्यासाठी आहे, जो सभागृहाचा सदस्यच होऊ शकत नाही, तो त्या सवलतीच्या आडून मंत्रीही होऊ शकत नाही. आणि लोकांचा कौल कितीही मोठा असला, तरी तो घटनेहून मोठा नाही. कारण लोकांनीच स्वतःला ती घटना दिलेली आहे. अवघ्या तीन महिन्यांत, डिसेंबर २००१ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाने जयललितांना त्या प्रकरणात निर्दोष ठरविले, पोटनिवडणूक जिंकून मार्च २००२ मध्ये त्या रीतसर मुख्यमंत्री झाल्या. म्हणून २१ सप्टेंबरचा निकाल चुकला होता, असे म्हणता येत नाही. अपात्रता त्या दिवशी उभी होती. ती दूर होताच वाटही मोकळी झाली. पात्रतेचा उंबरठा ओलांडूनच घरात यावयाचे असते, खिडकीतून येता येत नाही, एवढेच न्यायालयाने सांगितले होते.

मात्र खिडकी खुद्द कायद्यातही होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ च्या चौथ्या पोटकलमाने विद्यमान खासदार-आमदारांना एक खास कवच दिले होते. शिक्षा झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अपील केले, की त्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत सदस्यत्वाला धक्का नाही. आपल्याकडे अपिले किती वर्षे चालतात हे सांगावयास नको. एकाच गुन्ह्यात, एकाच दिवशी दोघांना सारखी शिक्षा झाली, तर बाहेरचा मनुष्य निवडणुकीला उभा राहू शकणार नाही आणि आतला मात्र कायदे करीत बसेल, असा हा प्रकार. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती पटनाईक व न्यायमूर्ती मुखोपाध्याय यांनी हे पोटकलम घटनाबाह्य ठरविले. उमेदवार आणि सदस्य यांच्यासाठी अपात्रतेचे कारण एकच असले पाहिजे, सदस्यांसाठी अपात्रता पुढे ढकलण्याचा अधिकार घटनेने संसदेला दिलेला नाही, हा त्या निकालाचा गाभा.

हा निकाल फिरविणारा वटहुकूम त्या वर्षीच्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने मंजूर केला. सत्तारूढ काँग्रेस पक्षाचेच उपाध्यक्ष राहुल गांधी यांनी त्याला जाहीर विरोध केला आणि २ ऑक्टोबरला तो मागे घेतला गेला. त्याच महिन्यात राज्यसभेचे रशीद मसूद आणि लोकसभेचे लालूप्रसाद यादव यांची सदस्यत्वे गेली. पुढे २०१४ मध्ये मुख्यमंत्रिपदावर असतानाच शिक्षा होऊन जयललितांना पद सोडावे लागले. महाराष्ट्रात नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली, आणि दोषसिद्धीस स्थगिती न मिळाल्याने २०२४ ची विधानसभा निवडणूक त्यांना लढविता आली नाही. मूळ प्रकरण २००२ चे होते. मधली एकवीस वर्षे ते अनेकदा निवडून आले, मंत्रीही झाले. निकालानंतर कायदा तत्काळ धावतो. निकालापर्यंत तो कसा चालतो, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

२०१३ च्या निकालाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना बदनामीच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खासदारकी रद्द झाली. बदनामीच्या गुन्ह्याला त्या वेळच्या भारतीय दंडसंहितेत दोन वर्षे हीच कमाल शिक्षा होती. ४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्या आदेशात एक मर्माची गोष्ट नोंदविली: शिक्षा एका दिवसाने जरी कमी असती, तरी अपात्रतेचे कलम लागू झाले नसते, आणि कमाल शिक्षा का दिली याची कारणे तर खालच्या न्यायालयाने दिलेली नाहीत. अपात्रतेचा परिणाम एका व्यक्तीपुरता राहत नाही, तिला निवडून देणाऱ्या मतदारसंघावरही होतो, हेही न्यायालयाने लक्षात घेतले. केरळातील वायनाडचे मतदार सुमारे साडेचार महिने प्रतिनिधीविना राहिले होते. त्याच वर्षी लक्षद्वीपचे खासदार महंमद फैजल यांची दोषसिद्धी उच्च न्यायालयाने जानेवारीत स्थगित केली, तरी सदस्यत्व परत मिळावयास मार्चअखेर उजाडली. काढून घेण्यास एक दिवस आणि परत देण्यास दोन महिने, हे प्रमाण न्यायाच्या तराजूत बसणारे नव्हे.

शिवाय कायद्याच्या कलम ११ नुसार निवडणूक आयोगाला अपात्रतेची मुदत कमी करण्याचाही अधिकार आहे. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग यांनी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालील एक वर्षाची शिक्षा भोगली होती. २०१९ मध्ये ते मुख्यमंत्री झाल्यानंतर आयोगाने त्यांची सहा वर्षांची मुदत एक वर्ष एक महिन्यावर आणली. आयोगाच्याच हातातील दुसरे शस्त्र निवडणूक खर्चाच्या हिशेबाचे. खोटा हिशेब दिल्यास कलम १० अ नुसार तीन वर्षांची अपात्रता. वृत्तपत्रांतील ‘पेड न्यूज’च्या ज्या प्रकरणांत हे कलम वापरले गेले, त्यांपैकी दोन अशी: भोकरचे अशोक चव्हाण आणि आपल्याच मध्य प्रदेशातील दतियाचे नरोत्तम मिश्र. हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले. तरीही प्रत्यक्षात दोन्ही प्रकरणांतील आयोगाचे आदेश दिल्ली उच्च न्यायालयात टिकले नाहीत. बातमी पैसे देऊन छापविली, हा संशय सर्वांना येतो; तो पुराव्याने सिद्ध करणे ही निराळी गोष्ट.

येथवर अपात्रता दोषसिद्धीनंतरची होती. परंतु ज्याच्यावर गंभीर आरोप आहेत आणि खटला मात्र वर्षानुवर्षे रेंगाळत आहे, त्याचे काय? आरोपपत्र निश्चित होताच उमेदवारी बंद करावी, अशी मागणी घेऊन ‘पब्लिक इंटरेस्ट फाउंडेशन’ ही संस्था न्यायालयात गेली. २५ सप्टेंबर २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती मागणी नाकारली. या पीठात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. १९७५ च्या पीठात त्यांचे वडील होते. न्यायालयाने राजकारणातील गुन्हेगारीबद्दल अत्यंत कठोर शब्द वापरले, संसदेने कडक कायदा करावा असा आग्रहही धरला. परंतु अपात्रतेचे नवे कारण निर्माण करण्यास ठाम नकार दिला. अपात्रतेची यादी करण्याचा अधिकार घटनेने संसदेला दिला आहे. न्यायालय त्या यादीत एक ओळही आपल्या हाताने लिहू शकत नाही.

या निकालाने पुष्कळांची निराशा झाली. तटस्थपणे पाहता तो निकाल योग्यच म्हटला पाहिजे. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. फिर्याद दाखल करणारे पोलीस ज्या सरकारच्या हाताखाली असतात, त्या सरकारच्या विरोधकांची उमेदवारी केवळ आरोपावर रोखता आली, तर निवडणुकीचा निकाल मतपेटीत न लागता पोलीस ठाण्यात लागेल. जे न्यायालय २००१ मध्ये लोकांच्या कौलापुढे झुकले नाही, तेच न्यायालय २०१८ मध्ये लोकांच्या संतापापुढेही झुकले नाही. दोन्ही वेळी त्याने एकाच लिखित मर्यादेचे पालन केले. हे सातत्य ज्याच्या ध्यानात येते, त्याला या साऱ्या निकालांचे सूत्र सापडते.

मग मतदाराच्या हाती उरले काय? या प्रश्नाचे उत्तर न्यायालयांनी निराळ्या मार्गाने दिले आहे, आणि ते उत्तर ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगे आहे. अपात्र ठरविता येत नसेल, तर निदान माहिती तरी द्या, असा तो मार्ग. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येक उमेदवाराने आपल्यावरील शिक्षा, प्रलंबित फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यावी. राजकीय पक्षांना हे रुचले नाही. मग संसदेने असा कायदा केला, की कायद्यात सांगितली आहे तेवढीच माहिती उमेदवार देईल, न्यायालयाचा आदेश काहीही असो. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले आणि उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगितले. मत देणे म्हणजे बोलणेच आहे. आणि काही न कळता बोलणाऱ्याला स्वतंत्र म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये शपथपत्रातील रकाने कोरे ठेवण्यास मनाई झाली. २०१८ च्या निकालाने उमेदवारांना आणि पक्षांना ही प्रकरणे वृत्तपत्रांतून जाहीर करावयास लावले. फेब्रुवारी २०२० मध्ये आणखी एक पाऊल पडले: असा उमेदवार का निवडला, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध केली पाहिजेत, आणि ‘तो निवडून येऊ शकतो’ हे एवढेच कारण पुरणार नाही. २०२० च्या बिहार निवडणुकीत हे आदेश धड न पाळल्याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने अनेक पक्षांना दंडही ठोठावला.

श्रोतेहो, या सर्व निकालांचा एकत्र विचार केला, तर लोकांचा कौल आणि न्यायालयाचा निकाल हे परस्परांचे वैरी नाहीत, असे दिसून येईल. कायद्याने घातलेली अट कौलाने धुऊन निघत नाही. आणि कायद्यात नसलेली अट न्यायालय घालीत नाही. या दोन मर्यादांच्या मध्ये जी मोठी मोकळी जागा उरते, तेथे निर्णय करण्याचा अधिकार आणि जबाबदारी मतदाराची आहे. ज्याच्यावर खटला चालू आहे तो दोषी की निर्दोष, हे न्यायाधीश यथावकाश ठरवील. त्याला आज आपला प्रतिनिधी करावे की नाही, हे मात्र मतदाराने मतदानाच्या दिवसापूर्वीच ठरविले पाहिजे. त्याला तारीख पुढे ढकलून मिळत नाही.

येथेच वाचनाचा संबंध येतो. न्यायालयाने मिळवून दिलेली ती शपथपत्रे निवडणूक आयोग सर्वांसाठी खुली करतो. ती किती मतदार वाचतात? विवाह जुळविताना आपण दोन्ही घराण्यांची चौकशी करतो, भाडेकरू ठेवताना दोन ओळखी विचारतो. आणि पाच वर्षे ज्याच्या हाती कायदे करण्याचा अधिकार द्यावयाचा, त्याच्याविषयीची चार पाने उलगडून पाहण्याचा आपल्याला कंटाळा येतो. शंभर वर्षे ज्या संस्थेने परमुलखात मराठी वाचकाला रोजचे वृत्तपत्र आणि हवे ते पुस्तक हाती दिले, त्या संस्थेच्या वाचनकक्षात निवडणुकीच्या काळात आपल्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांच्या शपथपत्रांच्या प्रती, कोणावरही टीकाटिप्पणी न करता, एका टेबलावर मांडून ठेवल्या, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. पक्ष कोणताही असो, सर्वांची पाने सारखीच उघडी. सभासदांनी ती वाचावीत, घरी जाऊन त्याविषयी बोलावे, आणि मग मत ज्याला द्यावयाचे त्याला द्यावे.

न्यायालये निकाल देत राहतील. काही लवकर, काही उशिरा. त्यांनी उघडून दिलेली पाने वाचण्याचे काम मात्र त्यांना करता येत नाही. ते वाचकानेच केले पाहिजे, आणि या सभागृहात वाचकांची वाण नाही.